दर तीस सेकंदांची विचारपूस

नांदेडकर : सर, आमच्याकडे बँकेच्या शाखेचा फोन आधी यायचा आणि अलर्ट नंतर. काउंटरवरचा माणूस सांगतोय की पासबुक छापणं बंद पडलं, आणि आमच्या पडद्यावर सगळे दिवे हिरवे. सहा-सात मिनिटांनी त्यातला एक लाल व्हायचा. अशा वेळी ऑफिसात एकच उपाय सुचतो. मॉनिटरिंगचा सर्व्हर लहान पडतोय, मोठा घ्या, मेमरी दुप्पट करा, कोटेशन मागवा. माझं म्हणणं, कोटेशनच्या आधी एक दुपार हिशेबाला द्या. ३०० सर्व्हर धरा. प्रत्येकावर १२० आयटम, आणि प्रत्येक आयटम दर ३० सेकंदांनी विचारला जातो. म्हणजे सेकंदाला १,२०० उत्तरं, दिवसाला दहा कोटींच्या वर. झॅबिक्ससारख्या प्रणालीत एका उत्तराला डेटाबेसात साधारण ९० बाइट लागतात, तेव्हा रोजचे नऊ जीबी झाले. आता ती १२० नावांची यादी वाचायला घ्या. त्यात एक आयटम आहे, या सर्व्हरला एकूण मेमरी किती. दर ३० सेकंदांनी! रात्री कुणी येऊन मेमरीची पट्टी उपटून नेणार आहे का? मशीनचं नाव काय, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती कोणती, हेही दर ३० सेकंदांनी. खरोखर घाईचे आयटम वीसच निघाले, ते ३० सेकंदांवर राहू दिले. साठ पाच मिनिटांवर नेले, चाळीस तासावर. बेरीज करा : १,२०० वरून सेकंदाला २६३. रुपया खर्च न करता काम पावपटीहून कमी.

लातूरकर : थांब. यात सॉफ्टवेअरचा वेग कुठं वाढला? तू कमी विचारायला लागलास, एवढंच. असू दे, त्यालाही अक्कल लागते. पण ते १२० आयटम आले कुठून? कुणी बसून ठरवले नव्हते. पहिल्या दिवशी तयार टेम्प्लेट लावलं आणि ते ३०० सर्व्हरना चिकटलं. उद्या कुणी नव्या आवृत्तीचं टेम्प्लेट चढवलं की तुझी सगळी छाटणी पुसली जाईल. आणि माझा मूळ संशय निराळाच आहे. लातूरच्या माणसाला मोजमापाचं कौतुक सांगू नकोस, बाबा. मांजरा धरणाची पातळी रोज मोजतात. २०१६ च्या उन्हाळ्यात धरणात उपयोगाचं पाणी उरलेलं नाही, हे लातुरात शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. ती पातळी दर सेकंदाला मोजली असती, तर गाडी एक दिवस तरी आधी आली असती का? आकडा होताच. तो वाचून वेळेवर हलणारं कुणी नव्हतं. तुमच्या डॅशबोर्डावरही डिस्क ९१ टक्के भरल्याचं सहा महिने पिवळ्या रंगात दिसत असतं, आणि सहा महिने सगळे चहा पीत ते बघत असतात.

नांदेडकर : हे लातूरचं झालं, आता नांदेडला या. विष्णुपुरी धरण आमच्या उशाला आहे. भर पावसाळ्यात त्यात जागा थोडीच उरलेली असते. जायकवाडीतून किती सोडलं, माजलगावहून किती येतंय, पूर्णेवरच्या येलदरी-सिद्धेश्वरमधून किती निघालं, यावर इथले दरवाजे कधी आणि किती उघडायचे ते ठरतं. वरचा आकडा शिळा निघाला तर गोवर्धनघाटाच्या पायऱ्याच काय, काठच्या वस्त्याही पाण्यात. तिथं उभं राहून म्हणाल का, की मोजून काय उपयोग? मांजरा महिन्यामहिन्यानं आटतं आणि विष्णुपुरी तासातासानं भरतं. एकाला रोजचा आकडा पुरतो, दुसऱ्याला पुरत नाही. सर्व्हरची एकूण मेमरी ही मांजरा, पेमेंटच्या रांगेत अडकलेले व्यवहार हे विष्णुपुरी. आमच्या टेम्प्लेटनं दोन्हींना सारखेच ३० सेकंद वाटले होते. मंदपणा तिथून आला. ज्याला घाई नाही त्यानं दारात गर्दी केली आणि घाईचा प्रश्न मागे उभा राहिला.

लातूरकर : उपमा बरी बसवलीस. पण धरणं आपला स्वभाव एका रात्रीत बदलत नाहीत, आयटम बदलतात. डिस्क तू कुठल्या यादीत टाकलीस? पाच मिनिटांच्या. एरवी ती मांजराच आहे, आठवड्याला एखादा टक्का. पण कुणीतरी तपासणीसाठी डीबग लॉग चालू करतो आणि बंद करायला विसरून गावी जातो, तेव्हा तीच डिस्क वीस मिनिटांत तुडुंब होते. म्हणजे तुझी वर्गवारी चांगल्या दिवसाची आहे. वेगाची परीक्षाही तू चांगल्या दिवशी घेतलीस. वाईट दिवशी काय होतं ते बघ. एक स्विच गेला, त्यामागचे ६० सर्व्हर एकदम दिसेनासे झाले. विचारणाऱ्या प्रोसेस दहा. जुन्या पद्धतीत प्रत्येक प्रोसेस एका वेळी एकालाच विचारते आणि उत्तराची वाट बघत बसते. टाइमआउट तीन सेकंद असेल तर ६० मुक्या सर्व्हरांची एक फेरी १८ सेकंद खाते. आता गंमत ऐक. मागं कधीतरी कुणीतरी 'सारखा टाइमआउट येतो' म्हणून तो आकडा तीनवरून ३० केलेला असतो. तीच फेरी आता तीन मिनिटांची होते. तेवढा वेळ धडधाकट सर्व्हरांकडेही कुणी फिरकत नाही. ज्या घटकेला यंत्रणा सगळ्यात चपळ हवी, त्याच घटकेला ती सगळ्यात सुस्त. तुझे २६३ तिथं काय कामाचे?

नांदेडकर : हे दुखणं फार जुनं आहे आणि त्यावर काम झालंय, सर. नागिओस हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर १९९९ मध्ये नेटसेंट या नावानं आलं. त्याची रीत अशी, की प्रत्येक चेकसाठी मुख्य प्रोग्रॅम स्वतःची प्रत काढायचा, ती प्रत चेक चालवायची आणि मरून जायची. पन्नास सर्व्हरला ठीक, पाच हजार चेकना जीव जायचा. ठरलेली वेळ आणि चेक प्रत्यक्ष चालल्याची वेळ यांतल्या अंतराला ते लेटन्सी म्हणतात. ते वाढायला लागलं की समजायचं, यंत्रणा मागे पडतेय. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी कायमचे कामकरी प्रोसेस ठेवले, दर चेकला मुख्य प्रोग्रॅमची प्रत काढणं थांबलं. झॅबिक्सनं २०२४ च्या ७.० मध्ये तुमच्याच आक्षेपाला हात घातला. नव्या पोलरला, म्हणजे विचारणाऱ्या प्रोसेसला, एकाच वेळी हजारापर्यंत चेक हवेत ठेवता येतात. एकाला विचारलं, उत्तर यायच्या आत दुसऱ्याला विचारलं. साठ मुके असले तरी बाकीचे अडत नाहीत. शिवाय स्विच आधी आणि सर्व्हर नंतर असं नातं सांगून ठेवलं, की स्विच गेल्यावर ६० मेसेज येत नाहीत, एक येतो.

आणि खरं सांगू का, आमचा मंदपणा विचारण्यात निम्माच होता. उरलेला निम्मा पुसण्यात होता. जुनी नोंद ९० दिवसांनी काढून टाकायची असं ठरलेलं. ती काढायला एक सफाईवाला प्रोसेस ठरावीक वेळानं उठतो आणि डेटाबेसातून लाखो ओळी शोधून-शोधून पुसतो. त्या वेळी लिहिणारे ताटकळतात. आलेख बघितला तर दर तासाला एक सुळका, घड्याळ लावून घ्यावं असा. आम्ही टेबलाचे दिवसवार पार्टिशन केले. आता जुना दिवस काढायचा म्हणजे अख्खं पार्टिशन एका आज्ञेत टाकून द्यायचं. तो सुळका दुसऱ्या दिवशी गायब. तासाच्या सरासरीची नोंद वेगळ्या टेबलात राहतेच, आणि नुसती सरासरी नाही, त्या तासातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडाही.

लातूरकर : पार्टिशनला माझा काही विरोध नाही. ते आधीच करायला हवं होतं. पण तालुक्याच्या शाखांचं काय? तिकडे तू प्रॉक्सी बसवला असशील. शाखेतलं शाखेत मोजायचं आणि गठ्ठा करून पाठवायचं. छान. रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं केबल तोडली आणि लिंक चार तास गेली, तर तो प्रॉक्सी किती वेळाचं साठवून ठेवतो?

नांदेडकर : बदललं नाही तर एक तासाचं.

लातूरकर : म्हणजे लिंक आल्यावर शेवटचा तास मिळणार आणि आधीचे तीन कायमचे गेले. मराठवाड्यात तासाभरात केबल जोडून देणारा माणूस तू कधी बघितलास? हा आकडा झॅबिक्सवाल्यांच्या रीगात ठरला, तो तिथं बरोबर असेल. मला हेच सांगायचंय. तुझी सगळी सुधारणा कुठल्यातरी ठरवून दिलेल्या आकड्यावर उभी असते, आणि तो आकडा आपल्याकडचा रस्ता, आपली वीज बघून ठरवलेला नसतो.

नांदेडकर : तो आम्ही वाढवला. पण हे माझ्याच बाजूचं झालं ना? एक ओळ बदलली.

लातूरकर : कुणाला ठाऊक होती ती ओळ? तुला. असो, आता मोठ्या गोष्टीकडे येतो. तू म्हणतोस, एकाच वेळी हजार प्रश्न हवेत ठेवता येतात. ज्याला विचारतोस त्याचं काय? १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडकलं, आठवतंय? यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या तपासात काय निघालं? काही बँकांकडून 'या व्यवहाराचं काय झालं' अशा विचारणांचा पूर आला होता, जुन्या-जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. विचारपुशीच्या भारानंच यंत्रणा वाकली. मग १ ऑगस्टपासून बंधनं आली. अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तीनदाच विचारायची आणि दोन विचारणांत ९० सेकंद सोडायचे. एका ॲपवर शिल्लक दिवसाला ५० वेळाच बघायची. सर्व्हरवर बसून आकडे देणाऱ्या तुझ्या एजंटलाही त्याच सर्व्हरचा सीपीयू लागतो आणि डेटाबेस जिवंत आहे का हे बघायला तू डेटाबेसलाच क्वेरी मारतोस. तो धापा टाकत असताना तुझी क्वेरी म्हणजे आणखी एक ओझं. मॉनिटरिंग जितकं वेगवान, तितका बिचाऱ्या सर्व्हरला त्रास जास्त.

आणि दुसरी आठवण, जुलै २०२४ च्या अखेरची. लहान बँकांची तांत्रिक यंत्रणा सांभाळणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि एनपीसीआयनं त्या कंपनीला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं. सुमारे ३०० लहान बँका, सहकारी आणि ग्रामीण, यूपीआय आणि एटीएमला मुकल्या. त्यांच्या शाखेतला सर्व्हर धडधाकट, डिस्क मोकळी, सीपीयू निवांत. तुझ्या पडद्यावर हिरवाच दिवा लागला असता. अगदी वेळेवर लागला असता, सात मिनिटांचा उशीर न होता.

नांदेडकर : हिरव्या दिव्याचं मान्य. म्हणूनच मी म्हणतो, २६३ वर आल्यावर जी जागा मोकळी झाली तिथं नवे प्रश्न टाका. सर्व्हरची नाडी बघायची ती बघा, पण गेल्या पाच मिनिटांत एक तरी पेमेंट पूर्ण झालं का, हे वेगळं विचारा. शंभरातल्या सगळ्यात हळू व्यवहाराला किती सेकंद लागले, हे विचारा. सरासरीच्या नादी लागू नका. नव्याण्णव जणांना अर्धा सेकंद आणि एकाला ४० सेकंद लागले, तर सरासरी एक सेकंदाच्या आत येते आणि त्या एकाचा ओरडा कुणाला ऐकू येत नाही. यूपीआयचं उदाहरणही माझ्याच कामाचं आहे. तिथं कुणी म्हटलं नाही की विचारणं बंद करा. किती वेळा आणि किती अंतरानं, एवढंच ठरवून दिलं. मीही तेच केलं.

लातूरकर : मग नवे प्रश्न टाकता-टाकता परत १,२०० वर जाशील. प्रोमिथियसवाल्यांचं बघ. साउंडक्लाउडमध्ये २०१२ मध्ये सुरू झालेलं, जगभर वापरतात. त्यात प्रत्येक मोजणीला लेबल लावता येतं, शाखेचं, सर्व्हरचं. एखादा हौशी पोरगा खाते क्रमांकाचंच लेबल लावतो. दोन लाख खाती, प्रत्येक मोजणीच्या दोन लाख वेगळ्या मालिका, आणि दुपारपर्यंत मेमरी संपून सगळं आडवं.

नांदेडकर : तसं लेबल लावू नका, हे त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. साठवणीची भीती मात्र आता कमी झालीय. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये गोरिला नावाची पद्धत मांडली. १६ बाइटची एक नोंद सरासरी १.३७ बाइटमध्ये बसवली, कारण लागोपाठच्या आकड्यांत फरक थोडा असतो आणि तेवढाच फरक लिहायचा. लक्षात ठेवणं स्वस्त झालं, सर. विचारणं झालं नाही, आणि बघणं तर अजिबात झालं नाही.

लातूरकर : बघणं! आता मुद्द्यावर आलास. तुझे अलर्ट लवकर यायला लागले, बरोबर? कुणाकडे? अख्ख्या जिल्ह्याला एक माणूस. त्याच्या मोबाइलवर रात्रीतून शेकड्यानं मेसेज. सीपीयू ९० टक्के, सीपीयू ठीक, सीपीयू ९० टक्के, सीपीयू ठीक. तिसऱ्या रात्री तो मोबाइल उशीखाली घालून झोपतो आणि मी त्याला दोष देणार नाही. गूगलच्या लोकांनी २०१६ च्या पुस्तकात लिहिलंय, की एका पाळीत जास्तीत जास्त दोन घटना असाव्यात, नाहीतर माणूस नीट विचार करत नाही. त्यांच्याकडे पाळ्या आहेत. आपल्याकडे एकच पाळी, चोवीस तासांची. तू आधी जो गोंगाट सात मिनिटं उशिरा पोचवत होतास, तो आता ताबडतोब पोचवतोस.

नांदेडकर : त्याला उपाय केला. सीपीयू एकदा ९० च्या वर गेला म्हणून मेसेज जात नाही, सलग पाच मिनिटं वर राहिला तरच जातो. आणि 'ठीक' व्हायला ८० च्या खाली यावं लागतं, म्हणजे ८९-९१ ची टिवटिव बंद. मेसेज दहावा हिस्सा उरले.

लातूरकर : पाच मिनिटं सलग. म्हणजे सात मिनिटांचा उशीर घालवायला एवढा खटाटोप केलास आणि मग हातानं पाच मिनिटं परत घातलीस! निव्वळ कमाई दोन मिनिटं.

(टोला वर्मी बसण्यासारखा आहे, आणि लिहिणाऱ्याचं मत इथवर लातूरकरांकडेच झुकतं. पण पुढचं उत्तर त्यांनाही टाळता येत नाही.)

नांदेडकर : ते सात कुठून आले हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. कधी तीन व्हायचे, कधी अकरा. हे पाच मी ठरवलेत, फक्त सीपीयूसाठी. पेमेंट अडकलं तर एक मिनिटही थांबत नाही. तुम्ही दोन मिनिटांची कमाई म्हणता, मी म्हणतो कुठं थांबायचं आणि कुठं नाही ते माझ्या हातात आलं. यंत्रणा मंद असते तेव्हा ती निवडच नसते.

लातूरकर : बरं, हे कबूल. मग आता लवकर कळण्याचा एक तोटा सांगतो, तोही ऐकून घे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेचा आदेश आला. सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस देशातच जपून ठेवायचे. लक्षात आल्यापासून! ज्याची यंत्रणा झोपलेली, त्याचं घड्याळ दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू होतं. तुझं रात्री दोनलाच सुरू झालं, आणि सहा तासांत, म्हणजे सकाळी आठच्या आत, तुझ्याकडे साहेब नाही, वकील नाही, कागदावर सही करणारं कुणी नाही. तू वेग वाढवलास, पण संस्थेचा वेग तोच राहिला. शिवाय ९० दिवसांचं पार्टिशन टाकून दिलंस तर १८० दिवसांचं काय सांगणार?

नांदेडकर : लॉग वेगळे आणि हे आकडे वेगळे. लॉग जपलेत, पार्टिशन आकड्यांचे टाकलेत. पण रात्री दोनचं घड्याळ... त्यावर माझ्याकडे सॉफ्टवेअरचं उत्तर नाही. तेवढ्यासाठी उशिरा कळलेलं बरं असं तुम्ही म्हणणार नाही, एवढं मला माहीत आहे.

लातूरकर : नाही म्हणणार. पण तुझी संस्था म्हणेल, मनातल्या मनात. मला सांग, त्या चाळीस-साठ आयटमची निवड कशी केलीस?

नांदेडकर : साधी कसोटी. वर्षभरात ज्या आयटमवरून एकदाही अलर्ट गेला नाही आणि ज्याचा आलेख कुणी उघडला नाही, तो खाली ढकलायचा.

लातूरकर : बॅकअप शेवटचा कधी यशस्वी झाला, हा आयटम त्यात असेल. वर्षभर एकदाही बोंबलला नसेल, कारण बॅकअप रोज होत होता.

नांदेडकर : तो होता. मी ठेवला, तासाला एकदा.

लातूरकर : तू ठेवलास, कसोटीनं नाही. कसोटीनं तो गेलाच असता. उद्या तुला पुण्याला नोकरी लागेल, आपल्याकडची हुशार पोरं तिकडंच जातात. तुझ्या जागी जो येईल त्याला फक्त कसोटी दिसेल. प्रत्येक आयटमपुढं कारण लिहून ठेव : हा इथं का आहे, किती वेळानं का विचारतो, आणि गप्प राहिला तरी का काढायचा नाही. ते लिहायला तुला पार्टिशनपेक्षा जास्त दिवस लागतील आणि कुणी तुला त्याचं बक्षीस देणार नाही. आणि डिस्क एक मिनिटावर आण.

नांदेडकर : ३०० सर्व्हर, प्रत्येकी चार डिस्क धरल्या तर सेकंदाला १६ नोंदी वाढतील. सोळा काही जड नाहीत. पण तुमचं ऐकलं की नेटवर्कवाले येतील, त्यांचाही एक आयटम असेल, मग ऑडिटवाले येतील. प्रत्येकाकडे एक डीबग लॉगची रात्र असते, सर, आणि ती खरी असते. १२० आयटमचा ढीग टेम्प्लेटनं केला असं आपण मघाशी म्हणालो, पण त्यातले निम्मे अशाच खऱ्या रात्रींतून आले असतील.

लातूरकर : असतील. म्हणून तर विचारतोय. त्यातल्या कुणाला तू 'नाही' म्हणशील?

नांदेडकर : डिस्कला नाही म्हणत नाही. आजच्या आज एक मिनिटावर करतो. ऑडिटवाल्यांना काय सांगायचं ते तुम्ही सुचवा.

लातूरकर : ते मलाही ठरवता आलेलं नाही. आधी त्यांचा आयटम कोणता आहे ते तरी बघू.